मामा-भाचे आणि नावापुढच्या दोन फुल्या

सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण आपल्याला 41 वर्षांनी मिळत होतं. चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर तालात पावलं टाकणारे घोडे फिरले. मग आमच्या घरी तरी लगेच प्रश्न निघाला: महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर लाखालाखांचे घोडे पळतात, तर या मुलांना युरोपात राहून तिथलेच घोडे का लागतात?

रेसचा घोडा वेगळा आणि ड्रेसाजचा वेगळा, हे झालं झटपट उत्तर. पण युरोपातल्या त्या ‘वेगळ्या’ घोड्यांच्या वंशावळी उघडल्या, की पाचसहा पिढ्यांत कुठेतरी रेसचाच घोडा उभा दिसतो. तो तिथे चुकून शिरलेला नसतो. कुणीतरी मोजूनमापून, घाबरत घाबरत आणलेला असतो.

आधी ड्रेसाज म्हणजे काय ते

20 मीटर रुंद आणि 60 मीटर लांब असं वाळूचं मैदान. त्यात एक घोडा आणि एक स्वार. ठरलेल्या हालचाली ठरलेल्या जागी करायच्या आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देणार. जागच्या जागी दुडकी, हवेत क्षणभर तरंगल्यासारखी संथ दुडकी, मागच्या पायांभोवती फिरकी, दौडताना दर पावलाला पुढचा पाय बदलणं, असा सगळा ऐवज. यातली मेख म्हणजे स्वाराने काही केलंय हे दिसताच कामा नये. पोटरीचा किंचित दाब, पाठीच्या कण्याची जराशी हालचाल, एवढ्यावर घोड्याला कळलं पाहिजे.

हे सगळं घोडदळातून आलं. ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज 1912 पासून आहे आणि 1948 पर्यंत त्यात फक्त लष्करी अधिकाऱ्यांना प्रवेश होता. लढाईत एका हातात लगाम आणि दुसऱ्यात हत्यार असलेल्या शिपायाचा घोडा पोटरीच्या इशाऱ्यावर वळला नाही, तर पुढचं सांगायला नको.

या कामासाठी घोड्याच्या शरीराला एक अवघड गोष्ट जमावी लागते. घोड्याचं वजन निसर्गतः पुढच्या पायांवर जास्त असतं. ड्रेसाजमध्ये ते मागे घ्यायचं असतं. मागचे सांधे वाकवायचे, पुठ्ठा (म्हणजे मागच्या पायांवरचा भाग) खाली न्यायचा आणि पुढचा भाग हलका करायचा. लेझीम खेळणाऱ्याकडे बघा. गुडघे वाकलेले, भार मांड्यांत, कणा ताठ आणि प्रत्येक पाऊल ठोक्यावर. शंभर मीटर पळणारा धावपटू याच्या अगदी उलट असतो. त्याचा पाय मागे रेटतो, जमीन मागे टाकतो. रेसचा घोडा हा धावपटू, ड्रेसाजचा घोडा हा लेझीमवाला. दोघांचे पाय बळकटच, पण एकाचे रेटायला घडलेले आणि दुसऱ्याचे तोलायला.

गरम रक्त, थंड रक्त आणि मधलं

घोड्यांच्या जगात ‘गरम रक्ताचे’ आणि ‘थंड रक्ताचे’ असे शब्द चालतात. याचा तापमानाशी काही संबंध नाही. सगळ्याच घोड्यांचं अंग साधारण 38 अंश सेल्सियस असतं. हे वर्णन स्वभावाचं आणि बांध्याचं आहे. गाडे आणि नांगर ओढणारे अवजड, शांत घोडे थंड रक्ताचे. अरबी आणि थरोब्रेड हे चपळ, तल्लख घोडे गरम रक्ताचे. या दोन टोकांच्या मध्ये जे उभे केले गेले ते वॉर्मब्लड: जर्मनीचे हॅनोव्हर, ओल्डेनबर्ग, वेस्टफालिया, होल्स्टाइन या भागांचे घोडे, नेदरलँड्सचे, डेन्मार्कचे वगैरे.

थरोब्रेड म्हणजे आपल्या रेसकोर्सवरचा घोडा. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून आणलेल्या घोड्यांपासून ही जात तयार झाली. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नरांची ओळ तीन मूळपुरुषांपैकी एकाला जाऊन मिळते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. त्यातही बहुतेकांची डार्ली अरेबियनलाच. 1791 मध्ये त्यांची वंशवही छापली गेली आणि पुढे तिचं दार बंद झालं. आईबाप दोघंही वहीत असतील तरच शिंगरू वहीत.

वॉर्मब्लडची वही मात्र उघडी असते. बाहेरचं रक्त चालतं, पण दारात परीक्षा कडक. नर घोडा पैदाशीसाठी वापरण्याआधी त्याचा बांधा, चाल, स्वभाव आणि काम तपासून मंजुरी देतात. घोड्यांतल्या अशा वळूला स्टॅलियन म्हणतात. मी पुढे वळूच म्हणणार आहे. रेसचा वळू हॅनोव्हरच्या घोडीला लावला आणि शिंगरू झालं, तर ते हॅनोव्हरच्या वहीत जाऊ शकतं; थरोब्रेडच्या वहीत कधीच जाणार नाही. दरवाजा एकाच बाजूने उघडतो.

आपल्याकडच्या दूध उत्पादकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. होल्स्टीन-फ्रिजियनचं किती टक्के रक्त गाईत ठेवायचं, पन्नास की पाऊणशे, यावर गोठ्यागोठ्यांत वाद चालतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले त्रिवेणी’ तर तीन जातींच्या संकरातून उभी केलेली गाय आहे. एकीचं दूध, दुसरीचा फॅट, तिसरीचा काटकपणा. वॉर्मब्लडची पैदास म्हणजे असंच काम, फक्त दोन-अडीच शतकं चाललेलं. आणि हो, गाईच्या नावातलं होल्स्टीन आणि घोड्याच्या नावातलं होल्स्टाइन हा उत्तर जर्मनीतला एकच मुलूख.

वंशावळ वाचायची असेल तर दोन खुणा लक्षात ठेवल्या की पुरे. जर्मन वह्यांत थरोब्रेडच्या नावापुढे दोन फुल्या मारतात. आणि हॅनोव्हर, वेस्टफालिया अशा वह्यांत शिंगराचं नाव बापाच्या आद्याक्षरावरून ठेवायची रीत आहे. पिक आसचा मुलगा पिक क्योनिग, त्याचा पिक ब्युबे. आपण नावाच्या मध्ये बापाचं नाव घालतो, ते लोक पहिलं अक्षर घालतात.

नांगर गेला, मग काय?

हॅनोव्हरची सरकारी पागा त्सेले गावात 1735 मध्ये सुरू झाली. ती काढणारा दुसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचा राजपुरुष, आणि त्याच वेळी इंग्लंडचा राजाही. त्यामुळे इंग्लिश रक्ताची ये-जा तिथे पहिल्यापासून होती. पण शेतकऱ्याला काय हवं त्याप्रमाणे काटा इकडून तिकडे झुकत राहिला. लष्कराला हलके, दमदार घोडे हवे असले की थरोब्रेड घालायचा. जमीन नांगरायला वजनदार घोडा लागला की थांबवायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर काटा कायमचा कलंडला. घोडदळ संपलं, शेतात ट्रॅक्टर आला. पश्चिम जर्मनीतल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात उभ्या असलेल्या भक्कम घोडीचं करायचं काय, हा प्रश्न पडला. उरलं होतं ते फक्त खोगीर, म्हणजे खेळ आणि हौस. मग त्या जड घोड्यांना खेळाचा घोडा बनवायला थरोब्रेड, ट्राकेनर (ही पूर्व प्रशियातली वॉर्मब्लड जात, तिच्याकडे शेवटी येऊ) आणि थोडे अरबी वळू आणले गेले. त्सेलेत डेर ल्योवे आणि पिक आस, होल्स्टाइनमध्ये कॉटेज सन आणि लेडीकिलर, हे सगळे फुलीवाले. ओल्डेनबर्गमधला पालट सर्वांत ठळक. तिथला घोडा बग्गी ओढणारा, रुंद छातीचा, चांगला जाडजूड होता. दोन-तीन दशकांत त्याच वहीतून उंच, लांब पायांचे, सडपातळ घोडे बाहेर पडू लागले. जुने फोटो शेजारी ठेवले तर एकाच घराण्याचे वाटत नाहीत.

अँजेलोचं घराणं

आता शीर्षकातले मामा-भाचे. वेस्टफालियाच्या पैदाशीत अँजेलो नावाचा एक थरोब्रेड वळू वापरला गेला. डोडोना नावाच्या घोडीला त्याच्यापासून जी शिंगरं झाली, त्यांची नावं रीतीप्रमाणे ‘अ’ने सुरू होतात. आलेरिश, आमोन आणि एक घोडी, आडोने.

आलेरिशचा जन्म 1971 चा. म्युन्स्टरचे वकील राइनर क्लिमके त्याच्यावर स्वार होत. 1982 मध्ये ही जोडी जगज्जेती झाली आणि 1984 मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. पदक मिळाल्यावरच्या फेरीत क्लिमकेंनी एका हातात लगाम धरून त्याला दर पावलाला पाय बदलत दौडवलं. ती फेरी पाहिलेले लोक अजून तिच्याबद्दल बोलतात. आमोन, म्हणजे आलेरिशचा सख्खा भाऊ, नेदरलँड्सकडून ऑलिंपिकला उतरला.

आडोनेला रोमाडूर दुसरा या वळूपासून 1977 मध्ये शिंगरू झालं, म्हणून ते ‘र’वरून: रेम्ब्रांट. आईचा सख्खा भाऊ आलेरिश, म्हणजे रेम्ब्रांटचा मामा. निकोल उपहॉफ ही 21 वर्षांची मुलगी रेम्ब्रांटला घेऊन 1988 मध्ये सोलला गेली आणि वैयक्तिक सुवर्ण घेऊन आली. 1992 मध्ये बार्सिलोनाला पुन्हा तेच. सोलच्या सुवर्णविजेत्या जर्मन संघात आलेरिशही होता. मामा-भाचे एकाच संघात, एकाच सुवर्णाचे मानकरी!

इथे तारखा जरा निरखून बघा. रेम्ब्रांट जन्मला तेव्हा मामा सहा वर्षांचा होता. त्याने अजून काहीच जिंकलेलं नव्हतं, ऑलिंपिक सात वर्षं दूर होतं. आडोनेच्या मालकाला ‘ही सुवर्णपदकवाल्याची बहीण’ असं म्हणता येत नव्हतं. त्याच्या हातात होती फक्त एक अर्ध्या रेसच्या रक्ताची घोडी आणि त्याचा स्वतःचा अंदाज.

अँजेलो एकटा नाही. 1996 मध्ये अटलांटाला इझाबेल वर्थने सुवर्ण जिंकलं ते गिगोलोवर. त्याच्या आईचा बाप बुसोनी, फुलीवाला. 2000 मध्ये सिडनीला आंकी फान ग्रुन्सवेन जिंकली ती बॉनफायरवर. त्याच्या आईचा बाप प्रेफेक्टस, तोही फुलीवाला. म्हणजे 1984 ते 2000 ही सलग पाच ऑलिंपिक, चार विजेते घोडे, आणि चौघांच्याही बापाच्या किंवा आईच्या बापाच्या जागी थरोब्रेड.

पण तो देतो काय?

आधी वाईट बाजू. थरोब्रेडची दुडकी बहुधा सपाट असते. पाय गवतावरून सरपटत गेल्यासारखे पुढे जातात, गुडघा उचलत नाही, उडी नाही, ठेका नाही. शर्यतीत उंच उचललेला पाय म्हणजे वाया गेलेला वेळ, त्यामुळे शतकानुशतकं निवड होत होत तो गुणच गळून गेला. मान खाली आणि पुढे लागलेली. पुष्कळांचा पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच, म्हणजे घोडा सतत उतारावर उभा असल्यासारखा. पळायला उत्तम, मागच्या पायांवर बसायला मात्र नको तेवढा अवघड.

मग कशाला आणायचा? पहिलं, बांधा. तिरका, मोकळा खांदा, उंच पाय, उठावदार मढा (म्हणजे मान आणि पाठ मिळतात तिथला उंचवटा, त्यामागेच खोगीर नीट बसतं), हलकं डोकं. दुसरं, दम. ग्रां प्री ही ड्रेसाजची सर्वांत वरची पायरी. तिथली कसरत सहा-सात मिनिटांची, पण भरलेल्या ट्रकने घाट चढण्यासारखी. जड घोडा निम्म्यावर धापा टाकतो आणि मग त्याच्या चालीतलं तेज ओसरतं.

आणि तिसरी गोष्ट, ती मला सर्वांत मोलाची वाटते: तल्लखपणा. मी घोड्यावर बसायला शिकलो ते रेसमधून निवृत्त झालेल्या एका घोडीवर. पहिल्याच दिवशी तोल सावरायला मी पोटऱ्या आवळल्या आणि ती मला घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. ती वाह्यात नव्हती. तिला सांगितलेलं तिने ऐकलं, सांगणाऱ्याला आपण काय सांगतोय ते ठाऊक नव्हतं, इतकंच. ज्या खेळात इशारा दिसूच नये अशी अट आहे, तिथे असं ऐकणारं कातडं सोन्याच्या भावाचं. थंड रक्ताच्या घोड्याला तीच गोष्ट दोनदा आणि जोरात सांगावी लागते.

हाच गुण उलटतोही. रेम्ब्रांट बुजरा म्हणून प्रसिद्ध होता; कडेची फुलदाणीसुद्धा त्याला वाघ वाटायची. खिल्लारी बैल पाळणाऱ्याला हे सहज उमगेल. शर्यतीत वाऱ्यासारखा सुटणारा खोंड अनोळखी माणसाला अंगाला हात लावू देत नाही. त्याला नांगराला जुंपून दिवसभर सरळ तास काढायला सांगणं म्हणजे दोघांचीही परीक्षा.

बापाकडून नको, आजोळाहून हवा

वरच्या चार विजेत्यांकडे पुन्हा बघा. आलेरिश सोडला तर बाकी तिघांत थरोब्रेड बापाच्या जागी नाही, आजोळी आहे, आईचा बाप म्हणून. याला कारण आहे.

प्रत्येक शिंगराला निम्मी गुणसूत्रं बापाची, निम्मी आईची मिळतात. पत्त्यांचा एक कॅट बापाकडे, एक आईकडे. दोघंही आपापला कॅट पिसून त्यातले निम्मे पत्ते देतात. थरोब्रेड वळू आणि जड घोडी यांच्या पहिल्या पिढीत एका हातात दोन वेगळ्या खेळांचे पत्ते येतात. खांदा रेसचा, पुठ्ठा नांगराचा. कधी लागून जातं, आलेरिशसारखं. बहुतेकदा जोडकाम दिसत राहतं, आणि हमखास दिसते ती सपाट दुडकी.

म्हणून अनुभवी लोक पहिल्या पिढीकडून पदकाची अपेक्षाच ठेवत नाहीत. तिच्यातल्या चांगल्या मादी शिंगरांना ते पैदाशीसाठी राखतात. त्या घोडीला मग उंच पाय उचलणारा, मजबूत पुठ्ठ्याचा, शांत डोक्याचा वॉर्मब्लड वळू लावतात. या दुसऱ्या पिसण्यात आजोबाचे साधारण पाव पत्ते उरतात. पिसल्यामुळे पाव ही सरासरीच. एका नातवाला जास्त, दुसऱ्याला कमी, आणि कोणते पत्ते ते नशिबाचं. नातवंडांत चाल वळूची, अंग आणि कान आजोबाचे, असा डाव जमला की रेम्ब्रांट होतो. नराला हा मार्ग अवघड. पहिल्या पिढीतला नर मंजुरीच्या परीक्षेत उभा राहतो तेव्हा शेजारी उड्या घेत चालणारे वॉर्मब्लड असतात आणि त्याच्या दुडकीला गुण मिळत नाहीत. तो खच्ची होतो. बहिणी मात्र गोठ्यात टिकतात. थरोब्रेडचा वारसा बहुतांशी बायकांच्या हातून पुढे गेला तो असा.

दुधाला विरजण लावतो तसंच म्हणा. चमचाभर लावलं तर सकाळी दही. वाटीभर ओतलं तर आंबट पाणी.

“पण मग थेट थरोब्रेडवरच ड्रेसाज का करू नये?”

करतात. हिल्डा गर्नी या अमेरिकन स्वाराचा कीन हा पूर्ण थरोब्रेड होता आणि 1976 मध्ये माँट्रियलला अमेरिकेने सांघिक कांस्य जिंकलं तेव्हा तो त्या संघात होता. आपल्याकडेही रायडिंग स्कूलमध्ये शिकणारी कितीतरी मुलं निवृत्त रेसच्या घोड्यांवरच ड्रेसाजचा श्रीगणेशा करतात आणि खालच्या-मधल्या पातळीवर ते घोडे छान साथ देतात. रेसमधून बाहेर पडलेल्या घोड्याला दुसरं आयुष्य मिळतं, ही गोष्ट मला पदकापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

पण वरच्या पायरीवर गणित अवघड होतं. हजार थरोब्रेडमध्ये एखादा कीन निघेल. ज्या जातीची निवड चार-पाच पिढ्या याच कामासाठी झालीय, तिच्यात असे घोडे पुष्कळ जास्त वेळा निघतात. हांगझोऊला गेलेल्या मुलांनी युरोपची वाट धरली त्यामागे प्रशिक्षक आणि स्पर्धा आहेत, तसं हेही आहे.

“सुवर्णाची यादी दाखवून फसवताय का?”

ही शंका रास्त आहे आणि मला ती स्वतःलाच आली होती. पाच ऑलिंपिकची यादी भरीव दिसते, पण त्या काळात जर्मनीत थरोब्रेड जागोजाग वापरला जात होता. तेव्हा विजेत्याच्या आजोळी तो सापडणं यात नवल कमी. शिवाय ज्या शेकडो थरोब्रेड वळूंनी काहीच मागे ठेवलं नाही, त्यांची यादी कुणी छापत नाही. कुणाची नातवंडं भडक डोक्याची निघाली, कुणाची पाय नसल्यासारखी चालणारी. अँजेलो, पिक आस, बुसोनी ही नावं उरली, कारण ती गाळणीतून खाली आली. ‘थरोब्रेड घाला म्हणजे सुवर्ण’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे विकायला वळू आहे, असं खुशाल समजावं.

“पाचव्या पिढीतल्या तीन टक्क्यांनी काय फरक पडतो?”

रिओच्या 2016 च्या ऑलिंपिकमध्ये इझाबेल वर्थने वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्ण मिळवलं ते व्हायहेगोल्ड या घोडीवर. तिचा बाप डॉन शुफ्रो. त्याच्या आईचा बाप पिक ब्युबे, त्याचा बाप पिक क्योनिग, आणि त्याचा पिक आस, दोन फुल्यांचा. पाच पायऱ्या. सरासरीने बत्तिसावा हिस्सा, म्हणजे तीन टक्क्यांच्या जरा वर.

नुसता आकडा पाहिला तर हे काहीच नाही. पण दर पिढीला माणसं निवड करत आली. पिक ब्युबेला ठेवलं ते तो चांगला होता म्हणून, आणि तो चांगला होता त्यात आजोबाच्या काही पत्त्यांचाही हात असणार. निरुपयोगी पत्ते गळाले, कामाचे टिकले. तरी पाचव्या पिढीतल्या नेमक्या कोणत्या गुणाचं श्रेय त्याला द्यायचं, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचं मी ऐकणार नाही. शिवाय चाल, बांधा हे गुण बऱ्यापैकी वारशाने येतात. मैदानातला निकाल मात्र फार कमी. त्यात स्वार, तालीम, खुराक, दुखापती, त्या दिवशीचा पाऊस, सगळंच येतं.

“इतका उपयोगी, तर आज का वापरत नाहीत?”

वापरतात, पण थोडा. इथे मुद्दा रक्ताचा कमी आणि पैशाचा जास्त आहे.

घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू तीन-चार वर्षांचं झालं की पाठीवर स्वार बसतो. ग्रां प्रीपर्यंत पोचायला साधारण दहावं वर्ष उजाडतं. आणि थरोब्रेडचं फळ नातवंडात यायचं असेल तर मध्ये आणखी एक पिढी धरा. आज वळू लावला तर निकाल कळायला पंधरा वर्षांच्या वर. लहान शेतकरी इतका थांबू शकत नाही. तो शिंगरू सहा महिन्यांचं व्हायच्या आत लिलावात विकतो आणि तिथे गिऱ्हाईक बघतं ती एकच गोष्ट, दुडकी. पाय गगनात गेला पाहिजे. थरोब्रेडच्या पहिल्या पिढीचं शिंगरू तिथे सपाट चालतं आणि बोली थांबते. फायदा होणार पंधरा वर्षांनी दुसऱ्या कुणाला, तोटा आज याला. असला सौदा कोण करेल?

म्हणून हे काम पुष्कळदा सरकारी पागांनी अंगावर घेतलं. त्सेलेतला लॉरीज क्रुसाडोर हा त्यातला अलीकडचा नामांकित थरोब्रेड. जन्म 1985 चा, आणि हॅनोव्हरच्या संघटनेने त्याला ‘वर्षाचा वळू’ म्हटलं ते 2006 मध्ये, म्हणजे त्याच्या वयाच्या 21 व्या वर्षी. तोवर त्याची मुलं मंजूर होऊन त्यांचीही शिंगरं मैदानात दिसू लागली होती. त्याच्या आधी शाबासकी द्यायला हाताशी पुरावाच नसतो.

दुसरं कारण सरळ आहे. जुनी जड घोडी आता उरलीच नाही. जिला हलकं करायचं होतं ती केव्हाच हलकी झाली. मात्र त्याच चार-सहा फॅशनेबल वळूंची मुलं सगळीकडे झाली की नात्यात नातं जुळू लागतं आणि बाहेरच्या रक्ताची आठवण होते. थरोब्रेडवाल्यांच्या वहीत कृत्रिम रेतन चालत नाही, नैसर्गिकच हवं. वॉर्मब्लडमध्ये ते सर्रास चालतं. एकाच वळूचं वीर्य थंड करून खंडभर जातं. त्यामुळे फॅशनही फार झपाट्याने पसरते.

“बाहेरच्या रक्ताबरोबर रोग येत नाहीत का?”

येऊ शकतात. वॉर्मब्लडमध्ये एक आनुवंशिक दोष आहे. दोन्ही पालकांकडून आला तर शिंगराची कातडी कागदासारखी फाटते आणि ते जगत नाही. एकाच पालकाकडून आला तर घोडा धडधाकट असतो, फक्त दोष पुढे नेतो. असे दोघं एकत्र आले तर दर चार शिंगरांत एकाला धोका. या दोषाचा उगम डार्क रोनाल्ड या थरोब्रेडमध्ये असावा असा संशय काही वर्षांपूर्वी घेतला गेला. 1913 मध्ये जर्मनीने विकत घेतलेला हा वळू तिथल्या असंख्य वंशावळींत आहे, त्यामुळे बोट त्याच्याकडे जाणं साहजिक होतं. पुढच्या अभ्यासात त्याला दुजोरा मिळाला नाही. मूळ त्याहून जुनं असल्याचं दिसलं. आता केसांच्या मुळांवरून चाचणी होते आणि दोन वाहक एकत्र येऊ दिले नाहीत की झालं.

“म्हणजे थरोब्रेडचा जमाना संपला तर!”

2004 पासूनचे विजेते पाहिले तर तसं वाटेल. सॅलिनेरो, व्हॅलेग्रो, डालेरा, कुणाच्याच बापाच्या किंवा आईच्या बापाच्या जागी दोन फुल्या नाहीत. पण यातल्या शेवटच्या नावापाशी जरा थांबावं लागतं. टोकियो आणि पॅरिस ही दोन्ही सुवर्णं जिंकणारी डालेरा ट्राकेनर आहे. या जातीची वही वॉर्मब्लडमधली सर्वांत सोवळी. बाहेरचं रक्त म्हणून तिथे फक्त थरोब्रेड आणि अरबी (किंवा त्या दोघांचा संकर) चालतं, दुसरं काही नाही. नाव मात्र तिथे आईच्या अक्षरावरून ठेवतात. डालेराची आई डार्क मॅजिक.

ट्राकेनरची मूळ पागा पूर्व प्रशियात 1732 मध्ये निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पर्फेक्शनिस्ट नावाचा इंग्लिश थरोब्रेड आणला. त्याचा बाप पर्सिमन, 1896 ची डर्बी जिंकलेला, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा घोडा. पर्फेक्शनिस्ट तिथे जेमतेम काही वर्षं होता, पण त्याचा मुलगा टेम्पेलह्युटर जातीचा आधारवड ठरला. पागेला 200 वर्षं झाली तेव्हा, 1932 मध्ये, तिच्या आवारात टेम्पेलह्युटरचा ब्राँझचा पुतळा उभारला. 1945 मध्ये रशियन फौजा आल्या. घोडे गोठलेल्या खाडीवरून पश्चिमेकडे पळाले, त्यातले थोडेच पोचले, आणि आजची जात त्या थोड्यांपासून पुन्हा उभी राहिली. पुतळा मागे राहिला, मग मॉस्कोला गेला, आणि अजून तिथेच आहे. जर्मनीत फेर्डनच्या घोडा संग्रहालयापाशी उभी आहे ती त्याची नक्कल.